दुसरं ऑपरेशन

साधनाचं पोट लहान करण्याचं ऑपरेशन फसलं होतं; उतरलेलं वजन सारं परत आलं. आज नागपूरचे डॉक्टर म्हणाले, दुसरं ऑपरेशन करता येईल, पण धोका जास्त. विचार करून कळवा.

ब्रह्मपुरीला घरी येऊन ती टेकते न टेकते तोच सासूने, भागीरथाबाईंनी, गूळ घातलेल्या पेजेचा पेला पुढे केला.

"पातळच त आहे. पोटाले जड नाई."

"आई, हेच दिवसभर पिऊन पिऊन त फुगली मी! आता डॉक्टर दुसऱ्या ऑपरेशनचं म्हनून रायले."

"मंग पुन्हा कापतीन तुले? काही झालं त?" म्हातारीचे डोळे भरले.

"नाई कापून घेत. पन मी मांगतल्याशिवाय मले काही देऊ नका."

भागीरथाबाईंनी बराच विचार केला. "पाहुणे आले त त्यायच्यासंगं थोडं?"

साधनाने कपाळावर हात मारला आणि डॉक्टरांना फोन लावला.