डाव्या स्टेअरिंगची गाडी आणि कांताबाईंचे डोळे

मी एक जुनी गाडी आहे, पण मला नुसती गाडी म्हणू नका. माझ्या पोटात झोपायला फळीचा पलंग आहे, स्टोव्ह ठेवायचं कपाट आहे, पाण्याची टाकी आहे आणि खिडक्यांना पडदेसुद्धा आहेत. मी म्हणजे चाकांवरचं घर. नागपुरात पहिल्यांदा आले तेव्हा पोरं माझ्या काचेला नाक लावून विचारायची, "याच्यात संडास कुठी आहे गा?" संडास नव्हता, मित्रांनो. तेवढं एक राहिलंच.

मला पहिल्यापासून चौकशा फार. जर्मनीतल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला आणि एका म्हाताऱ्याने मला विकत घेतलं. सुटीत हिंडणाऱ्या लोकांना तो मला भाड्याने द्यायचा. १९६८ साली एका तरुण जोडप्याने मला तुर्कस्तानपर्यंत जायला घेतलं. तुर्कस्तान आला, पण त्यांचं मन काही भरेना. "अजून थोडं पुढे" असं म्हणत म्हणत त्यांनी इराण पाहिला, अफगाणिस्तान पाहिला, पाकिस्तान ओलांडला. मला काय, हवंच होतं! प्रत्येक सरहद्दीवर टोपी निराळी, चहा निराळा, भाषा निराळी. पलंगाखाली वाकून बघण्याची खोड मात्र सगळ्याच शिपायांना होती. काय सापडेल असं त्यांना वाटत होतं, ते मला अजून कळलेलं नाही.

मद्रासला निघालो होतो आणि नागपूरजवळ कामठी रोडवर माझा गिअरबॉक्स मोडला. जोडप्याने म्हाताऱ्याला पत्र टाकलं. त्याचं उत्तर आलं, "आता एवढ्या लांबून कशाला आणता? तिथेच एखाद्या भल्या माणसाला देऊन टाका." तो भला माणूस म्हणजे रुपराव. मूळचे नरखेडकडचे, घरी संत्र्याचा बगिचा, पण यांचा जीव विहिरीवरच्या इंजिनात. म्हणून शहरात येऊन त्यांनी गॅरेज टाकलं. माझे सरकारी कागद व्हायला दोन वर्षं लागली. तेवढ्या काळात त्यांनी माझा गिअरबॉक्स खोलला आणि एकेक दातेरी चाक धोतरावर ओळीने मांडून पुन्हा बसवलं. मी सुरू झाले तेव्हा ते स्वतःच दचकले.

मग रुपराव मला यात्रेकरूंना भाड्याने देऊ लागले आणि गाडी स्वतः चालवू लागले. अडचण एकच होती. जर्मनीत गाड्या रस्त्याच्या उजवीकडून जातात, म्हणून माझं स्टेअरिंग डावीकडे. इकडे सगळं उलटं. पुढे ट्रक असला की रुपरावांना त्याच्या पलीकडचा रस्ता दिसायचाच नाही. म्हणून त्यांनी एक नियम केला. त्यांच्या उजव्या हाताला बसलेल्या माणसाने समोर पाहायचं आणि सांगायचं, "जा गा" किंवा "थांब गा". त्या एका शब्दावर माझा जीव, आणि आतल्या सगळ्यांचाही.

१९७४ च्या वैशाखात इंदोऱ्यातलं एक कुटुंब आलं. कापड गिरणीतून निवृत्त झालेले धोंडबा, त्यांची बायको कांताबाई आणि शाळेत शिकवणारी मुलगी सिंधूताई. त्यांना नेपाळात लुंबिनीला जायचं होतं, वैशाखी पौर्णिमेला. रुपरावांनी चाकाखाली फोडायला नारळ आणला, तेव्हा धोंडबा हात जोडून म्हणाले, "आम्ही छप्पन सालापासून नारळ फोडत नाही, भाऊ." तिघांनी माझ्यासमोर उभं राहून त्रिशरण-पंचशील म्हटलं. रुपरावांनी तो नारळ वाटेत खायला म्हणून कपाटात ठेवला. मला दोन्ही चाललं असतं.

आता उजवीकडे कोण बसणार? धोंडबांना गाडी हलली की दहा मिनिटांत डुलकी. सिंधूताईला पुढे बसायला हरकत नव्हती, पण कांताबाईंना मागे बसलं की गाडी लागायची. म्हणून कांताबाई पुढे बसल्या. रुपरावांनी नियम सांगितला. त्या पदर सावरत म्हणाल्या, "सांगीन ना. त्यात काय."

आणि मित्रांनो, इथून मला कोडं पडलं. कांताबाई सारख्या "थांब गा" म्हणायच्या. शिवनीच्या जंगलात तेंदूपानाची पोती भरलेला एक ट्रक पुढे होता. समोर रस्ता मोकळा, अगदी चिटपाखरू नाही, आणि कांताबाई म्हणतात थांब! जबलपूरच्या पुढे एका वरातीच्या सात बैलगाड्यांमागे आम्ही दोन तास चाललो. नवरदेव मागे वळून आमच्याकडे बघून हसत होता.

"मावशी," रुपराव म्हणाले, "तुमच्या थांबण्यानं लुंबिनी येता येता मी म्हातारा होईन!"

"म्हातारा झाला तर बरंच. घाई कमी करशील," कांताबाई म्हणाल्या.

सगळे हसले. मी मात्र हसले नाही. ही बाई भित्री आहे म्हणावं, तर नर्मदेच्या पुलावर ती खिडकीतून डोकं काढून वारा घेत होती. मग थांब काहून म्हणते? मी लक्ष ठेवू लागले. चढताना त्या माझ्या दाराचा दांडा चाचपून शोधायच्या. सिंधूताईने हातात दिलेला पेला बरोबर घ्यायच्या, पण खाली ठेवलेला पेला त्यांना सापडायचा नाही. आणि "जा गा" म्हणण्याआधी त्या डोळे मिटून कान द्यायच्या. मला संशय आला, पण मला तोंड कुठे होतं?

गोरखपूरच्या अलीकडे पौर्णिमेची सकाळ उजाडली आणि अजून सव्वाशे किलोमीटर राहिले होते. पुढे विटांचा ट्रक. रुपरावांचा धीर सुटला. "मावशी, आता तरी सांगा! पौर्णिमा इथंच रस्त्यावर करायची आहे काय?"

कांताबाईंनी कान दिला. ट्रकची घरघर एवढी होती की दुसरं काहीच ऐकू येईना. तरी त्या म्हणाल्या, "जा गा."

मी बाहेर आले, ट्रकच्या तोंडापाशी पोचले आणि समोर बस! रुपरावांनी मला कचकन डावीकडे घातलं. ट्रकवाल्याने ब्रेक दाबला, मी त्याच्या नाकासमोरून रस्ता सोडला आणि कापणी झालेल्या शेतात जाऊन थांबले. कपाटातला नारळ धोंडबांच्या पायावर पडला. कुणाला काही झालं नाही.

"बस दिसली नाई तुले, माय?" सिंधूताईने विचारलं.

"नाही दिसली," कांताबाई म्हणाल्या. "काहीच दिसत नाही वं. डाव्यानं अंधार आहे, उजव्यानं नुसतं धुकं. वरीस होऊन राहिलं."

"अन् सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं असतं तर आधी दवाखान्यात नेलं असतं. तिथं डोळे गेले असते तर?" त्या रडू लागल्या. "छप्पन साली दीक्षेच्या वेळी मी लय मागं होती. माणसांची डोकीच डोकी. भोंग्यातून आवाज ऐकला, पाह्यलं काहीच नाही. एक बार तरी डोळ्यानं काही पाहू द्या मले. पण तुमचा जीव घालवत होती मी. चुकलंच माझं."

सिंधूताई म्हणाली, परत फिरा. धोंडबा पाय चोळत म्हणाले, "इथवर आणलं, आता थोडं राहिलं." रुपरावांनी कांताबाईंसाठी पुढेच जागा केली, पुढच्या दोन जागांच्या मध्ये पाण्याचं पिंप उलटं ठेवून. उजव्या जागेवर सिंधूताई बसली. तिच्या नजरेवर आम्ही दुपारी सरहद्द ओलांडली. नेपाळी शिपायानेही पलंगाखाली वाकून पाहिलंच.

लुंबिनीत तेव्हा मोठं काही नव्हतं. झाडाखाली मला उभं केलं, पलीकडे सगळे पाहायला येतात तो जन्मस्थानाचा जुना दगडी खांब. मला तो स्वच्छ दिसत होता. वरचं टोक तुटलेलं, अंगभर तडा, आणि लोखंडी पट्टे बांधून धरलेला. कांताबाई त्याच्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "दिसला वं सिंधू! किती सुंदर, अखंड खांब आहे!"

सिंधूताईने तो तडा पाहिला, आईकडे पाहिलं, आणि म्हणाली, "हो माय. अखंड आहे."

नागपूरला आल्यावर ऑपरेशन झालं. डावा डोळा गेलाच होता. वर्षभर आधी आणायचं होतं, डॉक्टर म्हणाले. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू निघाला आणि कांताबाईंना जाड भिंगाचा चष्मा लागला. दोन वर्षांनी त्या सिंधूताईबरोबर पुन्हा लुंबिनीला गेल्या, पण रेल्वेने. माझे सुटे भाग मिळेनासे झाले होते आणि रुपरावांनी मला कडुनिंबाखाली विटांवर चढवलं होतं. वाईट वाटलं मला, खोटं कशाला बोलू? तिकडून परतल्या परतल्या त्या गॅरेजात आल्या.

"जयभीम, रुपरावभाऊ! अरे, तो खांब तडकला आहे! पट्टे बांधले आहेत त्याले! अन् ही पोरगी मले म्हणे अखंड आहे!"

"तू दिसला म्हणाली, मंग मी काय म्हणू?" सिंधूताई म्हणाली.

कांताबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. त्या हसत होत्या, पण डोळ्यांना पाणी होतं. "मी खोटं बोलली म्हणून तुले खोटं बोलावं लागलं," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, आता माझी एक काच फुटली आहे आणि पलंगावर रुपरावांच्या कोंबड्या अंडी घालतात. माझी हरकत नाही. मी धावत होते तेव्हा रुपराव रोज सकाळी माझी काच पुसायचे, दिवे लावून बघायचे, कुठे काही खडखडलं की लगेच खाली सरपटायचे. लोखंडाची एवढी चौकशी होते. कांताबाई वर्षभर धुक्यात वावरल्या आणि घरात कुणाला पत्ता नव्हता. तुम्ही आज घरी गेलात की आजीच्या समोर बसा आणि विचारा, तुला नीट दिसतं का? ती "दिसते ना, मले काय झालं" म्हणाली, तर एवढ्यावर उठू नका. तिच्यासमोर बोटं धरा आणि किती आहेत ते विचारा.