बाबांचा येगर

एप्रिलमध्ये बाबांच्या मेंदूत रक्ताची गुठळी अडकली आणि त्यांचं बोलणं गेलं. हातपाय हळूहळू परत आले. उन्हाळ्यात ते काठी टेकत बागेत जायला लागले, पुढे काठीही सुटली. शब्द मात्र आले नाहीत. जे थोडेफार उरले होते ते भलत्याच वेळी, भलत्याच गोष्टीसाठी यायचे. चमचा हवा असला की 'खिडकी' म्हणायचे, आणि चुकलं हे त्यांचं त्यांनाच कळून मूठ आवळायचे. त्याहून वाईट म्हणजे त्यांचं जेवण तुटलं. आई ताट पुढे करायची, ते दोन घास घेऊन बाजूला सारायचे. सदरे अंगावर लोंबायला लागले होते.

नोव्हेंबरातल्या त्या शनिवारी आई पाव घेऊन घरी आली, तर बाबा नव्हते. खुंटीवर जाकीट नाही, टोपी नाही. समोरच्या शेजारणीने सांगितलं की तुझा हार्टविग मघाशीच गेला. कुठे म्हणून विचारलं तर 'येगर, येगर' म्हणाला, आणि चांगला खुशीत होता.

मी दोन गल्ल्या सोडून राहते. आईचा फोन आला तशी धावत गेले.

येगर म्हणजे शिकारी, हे खरं. पण आमच्या जर्मन भाषेत हा शब्द एका जागी बसेल तर शपथ. आम्हाला आधी अर्थातच रुपर्ट आठवला. गावचं जंगल शिकारीसाठी त्याच्याकडे आहे, आणि हिवाळ्यात तो बाबांना हरणाचं मांस आणून द्यायचा. बाबा त्याच्याकडेच गेले असतील म्हणून मी फोन लावला, पण तो कुणी उचलला नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं. आज जंगलात हाका होता. वर्षातून एकदाच करतात. कुत्री आणि हाकारे सगळं रान उठवतात आणि चहूकडून बंदूकवाले बसलेले असतात. रस्त्यावर सकाळपासून पाट्या लागल्या होत्या. बाबांना आता पाटी वाचता येत नव्हती.

आई खुर्चीत बसली ती बसलीच. मी म्हटलं, आई, ते जंगलातच गेले असतील असं कुठाय? आणि आम्ही फोन लावत सुटलो.

गावच्या दातांच्या डॉक्टरांचं आडनाव येगर. ते झोपेतून उठले, कुणी आलेलं नाही म्हणाले आणि फोन आपटला. खानावळीतही फोन केला, कारण तिथे 'एक येगर' म्हटलं की हिरव्या बाटलीतली काळी, कडू-गोड दारू मिळते. मालकीण म्हणाली, सकाळच्या प्रहरी माझ्याकडे कोण येतंय, तरी मागच्या अंगणात बघते. तिथेही कुणी नव्हतं.

माझा भाऊ फोल्कमार एरफुर्टला असतो. त्याला तिसरंच सुचलं. बाबा तरुणपणी सक्तीच्या लष्करी नोकरीत लढाऊ विमानांच्या तळावर मेकॅनिक होते, आणि त्या विमानांनाही येगरच म्हणतात.

"जुनं तेवढं टिकतं, डॉक्टरच म्हणाले होते. बसने गेले असतील. मी निघतो तिकडे," तो म्हणाला.

"अरे, तिथे आता सौर पाट्यांचं शेत आहे."

"आपल्यासाठी, आनेग्रेट. त्यांच्या डोक्यात अजून विमानंच उभी असतील."

तो तिकडे गेला. आईला फोनपाशी ठेवून मी गाडी काढली आणि जंगलाच्या फाटकाशी गेले. जाताना मनातली धास्ती नुसती बाबांसाठी नव्हती. दोन वर्षांपूर्वी हाच हाका बंद व्हावा म्हणून मी गावात सह्या गोळा केल्या होत्या. रुपर्टला सगळ्यांसमोर खुनी म्हणाले होते. तेव्हापासून आमचं बोलणं नव्हतं.

फाटकावरच्या माणसाने माझं ऐकून वायरलेसवर रुपर्टला गाठलं. मी यंत्र हातात घेतलं आणि एवढंच म्हणाले, "रुपर्ट, बाबा सापडत नाहीयेत. बहुतेक जंगलात आहेत."

मग तो म्हणाला, पण माझ्याशी नव्हे. "सगळ्यांनी ऐका. हाका थांबलाय. बंदुका उघडा, गोळ्या काढा. कुणीही, काहीही मारायचं नाही."

शिंग वाजलं. एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीवर, तिथून तिसऱ्या. नारिंगी जाकिटं झाडीतून खाली उतरायला लागली. रुपर्ट आला तो आपल्या तांबड्या कुत्रीला, फ्रायाला, दोरीला धरून. सह्यांचा विषय नाही, टोमणा नाही. त्याने विचारलं, "त्यांचं अंगावरचं काही आहे? मोजा, उशीचा अभ्रा, काहीही चालेल."

आम्ही घरी आलो, तिथे आईने बाबांचा रात्रीचा सदरा दिला. फ्रायाने तो हुंगला, बागेच्या मागच्या दाराशी एक गिरकी घेतली आणि नाक जमिनीला लावून चालू लागली. ही कुत्री जखमी जनावराचा माग काढायला शिकवलेली आहे, हे मला ठाऊक होतं. तिच्यामागे चालताना तो विचार मी परत परत झटकत होते. वाट जंगलातच शिरली. उघड्या चढावर बाबांच्या बुटांचे ठसे चिखलात दिसले, तेव्हा रुपर्ट हळूच म्हणाला, "सरळ चाललेत बघा. पाय ओढलेला नाही, कुठे थांबलेले नाहीत. ह्या माणसाला कुठे जायचंय ते माहीत आहे."

मला त्या वाक्याने जेवढा धीर दिला तेवढा कुणीच दिला नसता.

कड ओलांडून वाट पलीकडच्या उंटरताल गावात उतरली. फ्राया पहिल्याच घराच्या पायऱ्यांवर जाऊन बसली आणि भुंकली. आतून तळणीचा वास येत होता.

दार उघडलं हेल्गार्डने. काचेच्या कारखान्यात बाबा काच फुंकायचे तेव्हा कँटीनचा स्वयंपाक तिच्याकडे होता. कारखाना बंद पडून जमाना झाला. तिच्या हातात झारा होता.

"आलात एकदाचे," ती म्हणाली. "मघापासून फोन लावतेय, तुमचा आपला गुंतलेलाच."

बाबा स्वयंपाकघरात टेबलाशी बसले होते, गळ्यात पंचा अडकवून. पुढ्यात ताट होतं. जाड सॉसेजची चकती, पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेली, सोबत मॅकरोनी आणि वर टोमॅटोचा गोडसर रस्सा. कँटीनमध्ये कामगार त्याला नुसतं 'येगर' म्हणायचे. पुरतं नाव घ्यायला वेळ कुणाला होता? बाबांनी माझ्याकडे पाहिलं, काट्याने ताट दाखवलं आणि म्हणाले, "येगर." अचूक म्हणाले. बरोबर शब्द, बरोबर गोष्टीसाठी.

मी भिंतीला टेकले आणि रडले. हेल्गार्डने झारा ठेवून माझ्या पाठीवरून हात फिरवला. ती म्हणाली, दारात येऊन त्याने एकच शब्द उच्चारला, मी म्हटलं ये, कढई चढवते. ही त्याची दुसरी चकती.

आईला कळवायला फोन लावला, तर तो गुंतलेला. शेवटी रुपर्टनेच आपल्या एका माणसाला गाडी घेऊन पाठवलं, आणि तो आईला घेऊन आला. ती दारात उभी राहून बाबांचं ताट बघत राहिली. रिकामं ताट.

"एवढे महिने तुझ्यापुढे वाढतेय मी," ती म्हणाली, "आणि तू डोंगर चढून दुसरीच्या घरी जेवायला येतोस?"

बाबा हसले. अर्धाच चेहरा हसला, पण हसले. मग आईही हसायला लागली, आणि हसता हसता खुर्चीत बसून म्हणाली की मी फार थकलेय गं हेल्गार्ड. हे तिने आम्हा मुलांना कधी सांगितलं नव्हतं.

हेल्गार्डने तिच्यापुढे ताट ठेवलं, मग माझ्यापुढे, मग रुपर्टपुढे. रुपर्ट पश्चिम जर्मनीतला, लग्न करून इकडे पूर्वेत, आमच्यात आलेला. त्याने चकती उलटीपालटी करून पाहिली.

"आमच्याकडे येगर म्हणजे मांसाचा तुकडा असतो. आणि वर अळंबीचा रस्सा."

"तुमच्याकडे बरंच काही असतं," हेल्गार्ड म्हणाली. "खा मुकाट्याने."

त्याने खाल्लं. मी त्याला म्हटलं, तुमचा वर्षाचा हाका माझ्यामुळे बुडाला. तो म्हणाला, रानडुकरं आज खूश आहेत, त्यांनाही एखादा शनिवार मिळायला हवा. मग आठवून मी फोल्कमारला फोन केला. तो सौर पाट्यांच्या रांगांतून हाका मारत फिरत होता. बाबा जेवतायत म्हटल्यावर त्याने आधी शिव्या घातल्या, आणि माझ्यासाठी उरलंय का म्हणून विचारलं.

तेव्हापासून दर बुधवारी मी बाबांना हेल्गार्डकडे सोडते. तिच्याकडे ते सगळं खातात, कोबीसुद्धा. ती कँटीनमधल्या जुन्या माणसांची नावं घेते आणि कधी कधी एखादं नाव बाबा पुरं करतात. त्या दुपारी आई शहरातल्या गरम पाण्याच्या बंदिस्त तलावावर पोहायला जाते. पहिल्या बुधवारी परत आली ती ओल्या केसांनी, गाल लाल झालेले. पाणी कसं होतं विचारलं तर म्हणाली, ऊन ऊन होतं, आणि मला कुणी हाक मारत नव्हतं.