झाकणावरचं नाव

डॉक्टर कमलाकांतांना आपल्या बशांचा भारी तोरा. घटसर्प नुसता घसा बघून ओळखायचे दिवस अमरावतीच्या त्या इस्पितळात त्यांनी संपवले होते. काचेच्या बशीत रक्त घालून खळ गोठवायची, तिच्यात टेल्युराइट नावाचं विष कालवायचं आणि पोराच्या घशातून काढलेला कापसाचा बोळा तिच्यावर फिरवायचा. बाकीचे जंतू त्या विषानं जागीच थंड होतात. घटसर्पाचा जंतू मात्र मरत नाही. खळीत विरघळलेलं विष तो अंगात ओढून घेतो, त्याचे धातूचे बारीक काळे कण करतो आणि ते पोटात ठेवून खुशाल वाढतो. दुसऱ्या दिवशी बशीवर काळे ठिपके उमटतात.

"विषाचं काजळ करतो लेकाचा, आणि वर मजेत जगतो," असं ते नव्या डॉक्टरांना सांगत. सांगताना त्यांच्या डोळ्यांत कौतुक असे.

घटसर्पावरचं सिरम तेव्हा मोठ्या मुश्किलीनं मिळे. वशिल्याची माणसं ते पळवत, म्हणून कमलाकांतांनीच नियम घालून दिला: आधी काळे ठिपके, मग सुई. नियम रास्त होता, माणूस तेवढा रास्त निघाला नाही.

सत्तावन्न सालच्या हिवाळ्यात परतवाड्याकडची मनकर्णा आपल्या इंदूला पाठीशी बांधून आली. कमलाकांतांनी आडनाव विचारलं, गावात घर कोणीकडे ते विचारलं, आणि समजायचं ते समजून घेतलं. इंदूच्या घशात बोळा फिरवला.

"डाक्टर साहेब, पोरगी पान्याचा घोट बी गिळून नाई राहिली. सुई टोचा ना जी."

"उद्या बशी बघू. नियम आहे."

"उद्यापावतर राह्यली पायजे ना जी ते!"

कमलाकांत आत निघून गेले.

संध्याकाळी त्यांची धाकटी बहीण कुंदा आपल्या चिंतामणला घेऊन आली. पोराचा घसा लाल, अंगात ताप.

"दादा, नियमबियम मला सांगू नकोस. एकुलतं एक आहे रे माझं!"

कपाटात एकच कुपी होती. कमलाकांतांनी चिंतामणच्या घशाचा बोळा घेतला, पण बशीची वाट बघितली नाही. व्हरांड्यातून मनकर्णानं सुई उकळताना पाहिली आणि ती लगबगीनं उठून उभी राहिली. तिला वाटलं, इंदूसाठीच उकळताहेत.

सकाळी कमलाकांतांनी उबेचं कपाट उघडलं. इंदूची बशी काळ्या ठिपक्यांनी भरून गेली होती. चिंतामणची कोरी. भाच्याला साधी घशाची सूज होती आणि शेवटची कुपी तिच्यावर वाया गेली होती.

थोड्याच वेळात मोठे डॉक्टर केशवराव फेरीला येणार, कुपी कुणाला दिली ते विचारणार. बशीच्या बुडावर नाव घातलं की ठिपके बघताना आड येतं, म्हणून झाकणावर मेणाच्या पेन्सिलीनं नाव लिहायची रीत कमलाकांतांनीच पाडली होती. त्यांनी दार लोटलं आणि दोन बशांची झाकणं अदलाबदल केली. घरात दुधावरची ताटली बदलावी इतकं ते सोपं गेलं.

"चिंतामणची बशी काळी, म्हणजे दिलंत ते योग्यच," केशवराव म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे वळले.

दुपारच्या मोटारीनं अकोल्याहून बर्फात घातलेल्या दोन कुप्या आल्या. इंदू अजून जिवंत होती. मान सुजून खांद्याला टेकली होती, श्वास करवतीसारखा चालला होता. केशवराव तिच्या खाटेशी थबकले.

"कमलाकांत, लक्षणं तर पक्की घटसर्पाची आहेत हो. देऊन टाकू का? मात्र दुसरी बशी लावा. पहिली कोरी का निघाली, ते मला समजलं पाहिजे."

मनकर्णा दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत होती. कमलाकांतांनी मनात हिशेब केला. दुसरी बशी काळी होणार, मग पहिलीची चौकशी, मग झाकणं. एका शब्दावर पोर वाचण्यासारखी होती आणि तो शब्द त्यांच्या जिभेवर होता.

"गरज नाही, साहेब," ते म्हणाले. "बशी खोटं बोलत नाही."

कुप्या बर्फाच्या पेटीत गेल्या. दिवेलागणीच्या आत इंदू गेली.

आठवड्याभरानं मनकर्णा गाठोडं घेऊन परत आली. तिला बघताच कमलाकांत खुर्चीतून उठले. तिनं वाकून त्यांच्या पायाला हात लावला.

"तुमी सांगतलं ना जी, घटसर्प नोयता म्हून. म्हून सारी वस्ती मातीले आली. नाईतं घटसर्पाच्या लेकराले कोनी खांदा देत नाई आमच्या इकडं. मायी इंदू एकटी गेली असती. लय उपकार झाले तुमचे. बोरं आनली, मया वावराच्या धुऱ्यावरची."

कमलाकांतांनी गाठोडं घेतलं. नको म्हणायला काही कारण सुचेना.

घरी कुंदा आलेली होती. चिंतामणनं निम्मी बोरं एका बैठकीत फस्त केली आणि आणखी मागितली. त्याचा घसा ठणठणीत होता.