हेडफोनबाहेरचं रडणं

मी हेडफोन. काळा, जाडजूड. कानावर बसणारी माझी डावी उशी फाटलीय. ऐकू मला सगळं येतं, पण सांगायला तोंड नाही, हेच माझं दुखणं.

माझे मालक पेपरात सिनेमांची आणि मालिकांची परीक्षणं लिहितात, कशाला किती तारे द्यायचे ते ठरवतात. मी नवा घरात आलो तेव्हा मालकीणबाई हसून म्हणाल्या होत्या, "झालं! आता आमची हाक काही तुम्हाला ऐकू यायची नाही." थट्टाच होती ती.

पुरस्कारांचे दिवस आले की या घरात नुसती धांदल. निकालाआधी सगळं बघून संपवायचं असतं. मालक जेवताना मालिका बघतात, दाढी करताना सिनेमा.

त्या दुपारी पोर तापानं फणफणली होती. सात महिन्यांचा जीव. मालकीणबाईंना कामावर जाणं भागच होतं. चपला घालून दोनदा मागे फिरल्या.

"अहो, चारला औषध द्या. आणि कान इकडे असू द्या."

"अगं, मी घरातच आहे ना! जा तू निर्धास्त."

दार लागलं आणि मालकांनी मला डोक्यावर चढवलं. सिनेमा एका म्हाताऱ्या नावाड्याचा, भर समुद्रात एकटाच. थोड्या वेळानं आतल्या खोलीत पोर रडायला लागली. फाटक्या उशीतून तो आवाज आत शिरला. मालक ताठ बसले. वाटलं, उठले आता!

त्यांनी वही ओढली. लिहिलं, 'लाटांमधून येणारं बाळाचं रडणं काळीज चिरतं. नावाड्याला घर आठवतंय.'

मी काय करणार? लाटा माझ्यातूनच वाजत होत्या, आणि त्या थांबवणं माझ्या हाती नव्हतं. चार वाजून गेले. पोरीचा घसा बसला. मालकांनी लिहिलं, 'रडणं हळूहळू विरत जातं. आवाजाचा पुरस्कार यांनाच!'

मालकीणबाई आल्या. औषधाची बाटली होती तशीच.

"अगं, ती रडलीच नाही," मालक म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी परीक्षण वाचून पेपरच्या साहेबांचा फोन आला. मी मालकांच्या गळ्यातच होतो. "अहो महाराज, त्या सिनेमात बाळ कुठून आणलंत? मी दोनदा बघितलाय!"

मालकांनी वही उघडली आणि बाळाच्या रडण्याच्या ओळीवर बोट ठेवलं. पोरीला खांद्यावर घेऊन मालकीणबाई मागेच उभ्या होत्या. त्यांनी औषधाची बाटली आणून त्या वहीवर ठेवली.

ताप उतरला, पण पुरस्कार अजून व्हायचेत. मला जरूर घाला बाबांनो, पण एक कान मोकळा ठेवा.

आता सिनेमात कुठलंही बाळ रडलं की मालक मला ओरबाडून टाकतात आणि आत धावतात. पोर शांत झोपलेली असते. इकडे मी खुर्चीला लोंबकळतो, आणि माझ्यातलं बाळ रडतच राहतं.