पंख्याची भोकं

बेंबळी गावच्या सरदारनं तलावावर लोकांना फिरवायला जुनी मोटरबोट आणली. ट्रॅक्टर दुरुस्तीत त्याचा हात बसलेला होता, पण पाण्यातलं यंत्र तो पहिल्यांदाच बघत होता. बोट पुढं ढकलणाऱ्या मागच्या पंख्याला, पात्यांच्या बुडाशी, तीन भोकं होती.

"भोकं पडलेली वस्तू पाण्यात घालतोस?" शेजारी राहणारे निवृत्त कारकून विष्णुपंत म्हणाले.

सरदारला पटलं. त्यानं एमसील लावून भोकं बुजवली.

पहिले उतारू विष्णुपंतच. इंजिन धापा टाकू लागलं, वेग काही घेईना. बोटीनं नाक वर केलं ते खाली यायचं नाव नाही. विष्णुपंतांना पाणी दिसेना, नुसतं आभाळ.

"सरदार, आपण वर चाललोय का रे?"

मग नाकावर वजन म्हणून गावातल्या सगळ्यात जाड माणसाला, बब्रुवानला बसवलं. नाक खाली आलं. पण आता दुसऱ्या कुणाला जागा उरली नाही, आणि बब्रुवानला पाण्यावर लई भूक लागायची.

"अहो, भोकं कशासाठी हुती, कुणाला इचारलं का?" सरदारची बायको अन्वरी म्हणाली आणि तिनंच बोट विकणाऱ्याला फोन लावला. त्यानं सांगितलं, त्या भोकांतून इंजिनचा धूर पात्यांवर येतो, फेस होतो. सुरुवातीला पंखा जरा घसरतो, त्यामुळं इंजिन पटकन जोर धरतं आणि बोट पाण्यावर उचलली जाते.

सरदारनं एमसील खरवडलं. बोट अशी पळाली की बब्रुवानचा डबा मागंच पाण्यात राहिला.

सरदारला हुरूप आला. "बारक्या भोकांनी एवढं, तर मोठ्यांनी किती?" अन्वरी नको नको म्हणत असताना त्यानं ड्रिल घातलं.

आता इंजिन किंचाळायचं, मागं फेसाचा डोंगर उठायचा, आणि बोट म्हशीसारखी जागेवर. पंखा नुसता फेसात फिरत होता, त्याला पाणी गावतच नव्हतं.

तेवढ्यात विष्णुपंत पुन्हा आले, तलावापलीकडं सोड म्हणाले. मागचा अनुभव आठवून त्यांनी बोटीत बसताच डोळे गच्च मिटले आणि बोटीची कड पकडली. सरदारला नाही म्हणवेना. आवाज झाला, तुषार उडाले, बोट थरथरली. शेवटी इंजिन तापलं म्हणून सरदारनं बंद केलं.

विष्णुपंत डोळे उघडून उतरले. "वा! काय पळाली! गाव कुठलं हे?"

"बेंबळी," अन्वरी म्हणाली.

विष्णुपंतांनी बायकोला फोन लावला. "चंद्रप्रभा, पलीकडंसुद्धा बेंबळीच आहे गं! माणसंही अगदी आपल्यासारखीच. एक बाई तर हुबेहूब अन्वरी."

सरदार सांगायला पुढं झाला, तर अन्वरीनं त्याचा सदरा ओढला. विष्णुपंत तोवर पुन्हा बोटीत चढून बसले होते.

"चल सरदार," ते डोळे मिटून म्हणाले, "आता घरी सोड."

सरदारनं अन्वरीकडं बघितलं. मग इंजिन चालू केलं.