स्वच्छ समास

नानांनी चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली आणि तेवढीच वर्षं जुनी पुस्तकं जमवली. पुस्तकं कसली, तर राजाचं ऐकावं की देवाचं, सत्ता कुणाची, धर्म कुणासाठी, यावरून जुन्या काळी लोकांनी एकमेकांची डोकी फोडली, ती. काही सरकारने जप्त केलेली, काही धर्मगुरूंनी जाळायला सांगितलेली. एकाचं तर पहिलं पानच मालकाने भीतीपोटी फाडून टाकलेलं. एरवी नाना एक नंबरचे चिक्कू, पण असलं पुस्तक दिसलं की हात आपोआप खिशात जायचा.

आता महिनाअखेरीला बिऱ्हाड मुलाकडे हलायचं होतं. तिथे नाना आणि त्यांची बायको, दोघांना मिळून एक खोली, त्यातही सुनेचं शिलाई मशीन. सून तोंडावर बोलली होती, "नाना, तुम्ही दोघं खुशाल या, पण तो कागदाचा डोंगर नको." म्हणून नानांनी विद्यापीठाच्या ग्रंथालयाला पत्र घातलं. फुकट घ्या, फक्त संग्रह फोडू नका. तिसऱ्या पत्रानंतर आज ग्रंथपाल बाई आल्या. सकाळपासून नानांचा जीव टांगणीला लागला होता.

बाई चांगल्या होत्या हो, उगाच खोटं कशाला बोला! पुस्तक दोन्ही हातांनी जपून उचलायच्या. पण मजकूर वाचायचं नाव नाही. नुसते समास बघायच्या, खिडकीशी जाऊन पान उजेडात तिरकं धरायच्या. अशी वीसेक पुस्तकं झाली.

"काका, यांच्यावर कुणी काहीच लिहिलं नव्हतं?"

"नव्हतं कसं? नुसती गिचमिड!" नाना म्हणाले. "एकाने लिहायचं 'हे साफ खोटं', दुसऱ्याने त्याखाली 'तू सरकारचा कुत्रा'. पानोपानी भांडणं, सगळी शिसपेन्सिलीने. पुसून काढलं की! आमच्या धंद्यात समासात खूण राहिली म्हणजे चूक राहिली."

"सगळं पुसलंत?"

"एकूण एक! मी पान धरायचो, ही खोडरबर फिरवायची. रोज संध्याकाळी. कागदाला कुठे चरा दिसतोय का बघा."

बाई मटकन खुर्चीत बसल्या. मग हळू आवाजात सांगू लागल्या. छापलेला मजकूर त्यांच्याकडे होताच, बहुतेक सगळ्या पुस्तकांचा. पण जीव मुठीत धरून ही पुस्तकं वाचणारी माणसं काय म्हणत होती, ते कुठेच उरलं नव्हतं. "तेच शोधत आले होते, काका. ही नाही घेता येणार आम्हाला."

नानांना आधी कळेचना. मग कळलं. एक ओळ आठवली त्यांना. कुठल्याशा शेवटच्या पानावर कुणीतरी लिहिलं होतं, 'उद्या मला नेतील. मी अजूनही हेच मानतो.' नानांनी ती मोठ्याने वाचली होती. बायको रबर हातात धरून थांबली होती. "अहो, एवढं राहू देऊ?" आणि नाना खेकसले होते, "खोड गं, राहू काय देतेस!" काय अवदसा आठवली होती कोण जाणे! ते पुस्तक कोणतं, तेही आता काही केल्या आठवेना.

बाईंना दारापर्यंत पोचवून ते आतल्या खोलीत गेले. बायको दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली.

"अहो, काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या," नानांनी तिची चादर सारखी केली, "इतकी स्वच्छ पुस्तकं उभ्या जन्मात पाहिली नाहीत."

तिचा चेहरा असा खुलला की नानांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बघा! आणि तुम्ही म्हणायचात माझा हात जड. मग नेणार कधी?"

"गुरुवारी," नाना बोलून गेले. गुरुवारी गल्लीत रद्दीवाला येतो.

"मग त्या दिवशी मला दारात खुर्ची टाकून बसवा," ती म्हणाली. "जाताना बघू दे डोळे भरून."

"बसवतो," नाना म्हणाले.