वळणावरच्या भिंतीपाशी

"आई, काच लावून घ्या, धूळ येतेय," पुढून जावई म्हणाला.

मावशीने काच वर घेतली आणि तो वास परत आला. आधी पेपरमिंटचा आणि त्याच्याआडून दुसरा. उभा जन्म दवाखान्याच्या लाँड्रीत गेला होता तिचा. औषधं, स्पिरिट, फिनेल, सगळं नाकात मुरलेलं. आपल्याच नाकाचा दोष असेल, अशी तिने मनाची समजूत घातली आणि शेजारी बसलेल्या नातीला जवळ ओढलं.

लाँड्रीत तिला सगळे कडकमावशी म्हणत. तिच्या हाताखालून गेलेली चादर पुठ्ठ्यासारखी ताठ व्हायची, म्हणून. स्वभाव मात्र अगदी उलटा. वॉर्डातून कुणी विनाकारण ओरडून गेलं तरी ही मान खाली घालून इस्त्री फिरवत राहायची. "मावशी, सगळा कडकपणा चादरींनाच वाटून टाकलात, स्वतःला काही ठेवलाच नाहीत," असं तिथल्या बायका हसून म्हणत. तीही हसायची.

जावयाने हॉर्न न देताच पुढच्या टँकरला बगल दिली. समोरून येणाऱ्या ट्रकने दिवे मारले. गाडी कशीबशी आत घुसली आणि मागच्या चाकाखाली खडी करकरली.

"पप्पा, परत!" नात खिदळली.

पुढे त्याच्या शेजारी लेक बसली होती. तिने फक्त आपला पट्टा ओढून पाहिला.

"जरा सावकाश घ्या हो," मावशी म्हणाली.

"उशीर झालाय आई. माझ्यासाठी लोक खोळंबलेत."

ते खरंच होतं. काही वर्षांपूर्वी मावशीचा मुलगा लिफ्ट दुरुस्तीचं काम आटोपून सायकलवरून घरी येत होता. भर दुपारी, हमरस्त्याच्या वळणावर एका मोटारीने त्याला उडवलं. चालवणारा दारूने तर्र होता. खाली उतरून त्याने म्हणे आधी गाडीचा दिवा फुटलाय का ते पाहिलं. शवागारात ओळख पटवायला जावईच गेला. तो मुलाचा शाळेपासूनचा मित्र. मावशीला त्याने आत जाऊच दिलं नाही. "तुम्ही त्याला सकाळी पाहिलंत ना, तेवढंच लक्षात ठेवा," म्हणाला. पुढे ह्या कचेरीतून त्या कचेरीत चपला झिजवून त्याने त्या वळणावर भिंत बांधून घेतली. दारूड्यांच्या गाड्यांखाली गेलेल्या सगळ्यांची नावं तिच्यावर कोरली. दरवर्षी मुलाच्या स्मृतिदिनी सगळे तिथे जमत. मुलगा गेला पण जावयाने ती जागा भरली, असं शेजारीपाजारी म्हणत. मावशीलाही तसंच वाटे.

वळण आलं. भिंतीशेजारी चौथऱ्यावर एक चेपलेली मोटार मुद्दाम ठेवली होती. तिचं टप सीटपर्यंत खाली आलं होतं.

"आजी, ह्यातली माणसं कुठे गेली?" नातीने विचारलं.

मावशीने तिला कडेवर घेतलं.

माणसं जमली होती. शाळेची व्हॅन चालवणारे आजोबा दरवर्षीसारखे टोपी हातात घेऊन बायकोच्या नावासमोर उभे होते. जावई माइकपाशी गेला. माइकचा दांडा त्याने दोन्ही हातांनी धरला आणि मग सोडलाच नाही.

"दारू पिऊन गाडी चालवणारा अपघात करत नाही," तो म्हणाला, "खून करतो."

मग त्याने भिंतीवरची नावं वाचली. मेव्हण्याच्या नावापाशी तो थांबला. ते नाव त्याने पुन्हा वाचलं, मग आणखी एकदा. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. "जावई मिळावा तर असा," मावशीच्या मागे कुणीतरी पुटपुटलं. मावशीने लेकीकडे पाहिलं. लेक चपलेच्या टोकाने माती उकरत होती.

"पाणी पिऊन येतो," म्हणत जावई गाडीकडे गेला. ऊन चढलं होतं. नातीची टोपी गाडीतच राहिली होती, म्हणून मावशीही मागोमाग गेली. डिकी उघडी होती. तिच्या आडोशाला उभा राहून तो बाटली तोंडाला लावत होता. ती पाण्याची बाटली नव्हती.

तिला पाहून त्याने बाटली चादरीखाली सारली.

"घसा सुकला होता, आई." मग खालच्या आवाजात म्हणाला, "आजचा दिवस कोरडा नाही निघत माझ्याच्याने. त्याला तिथे मी पाहिलंय. तुम्ही नाही."

टोपी न घेताच मावशी लेकीकडे परतली.

"तुला ठाऊक होतं?"

"आई, इथे नको."

"आजच घेतात, की रोज?"

लेक भिंतीला टेकली. "रोज. पण गाडी नीट चालवतात गं. आजवर कधी..." ती जिथे टेकली होती तिथे तिच्या भावाचं नाव होतं. बोलणं तिथेच थांबलं.

"आपण दुसऱ्या गाडीने जाऊ."

"आणि चारचौघांत ह्यांची काय शोभा होईल? इथली माणसं ह्यांना देव मानतात. तुला ते काही बोलणार नाहीत. दार बंद झाल्यावर मला बोलतील." तिने दंडावरची बाही खाली ओढली.

तेवढ्यात इंजिन सुरू झालं. जावयाने नातीला उचलून मागे बसवलंही होतं. "चला, चला!" तो ओरडला. लेक निमूटपणे जाऊन पुढच्या सीटवर बसली.

मावशी गाडीकडे गेली, पण दाराशी थांबली नाही. वळसा घालून ती गाडीच्या पुढ्यात आली, पदर खोचला आणि बंपरला पाठ लावून मातीत फतकल मारून बसली.

"आई, काय हे? उठा. लोक बघताहेत."

"बघू देत."

"मी शुद्धीत आहे. सरळ चालून दाखवू का?"

"किल्ली द्या."

त्याने ॲक्सिलरेटर दाबला. बंपर तिच्या पाठीवर थरथरू लागला. इंजिनाची धग लुगड्यातून आत येत होती. गिअर पडल्याचा आवाज आला आणि गाडी हातभर पुढे सरकली. मावशीच्या टाचा मातीत रुतल्या, मान पुढे झुकली, पण ती उठली नाही. आत नात किंचाळत होती. लेकीने स्टिअरिंगवरचा त्याचा हात धरला आणि त्याने तो झटकला.

"तुमच्या मुलासाठी मी काय करायचं बाकी ठेवलं?" त्याचा आवाज फाटला.

"काहीच नाही. सगळं केलंत," मावशी मागे न बघता म्हणाली. "मी तुमच्यासाठी एवढंच करू शकते."

माणसं लांबूनच बघत होती. काय चाललंय ते कुणाला कळलं, कुणाला नाही. व्हॅनवाले आजोबा मात्र खिडकीपाशी गेले. आत वाकले. वास घेतला. मग मावशीच्या शेजारी येऊन गाडीसमोर उभे राहिले. त्यांच्या मागोमाग आणखी एक बाई आली.

इंजिन बंद झालं.

जावई उतरला. किल्ली त्याने मावशीच्या पुढ्यात भिरकावली. "घ्या. मुलगा गेला होताच, आता जावईही गेला समजा!" आणि रस्त्याच्या कडेने तो एकटाच चालू लागला.

मावशीला उठवायला लेक आली नाही. आजोबांनीच हात दिला.

आजोबांच्या व्हॅनमधून ते निघाले. नात रडून रडून मावशीच्या मांडीवर झोपली. लेक पुढे बसली होती.

"आता घरी काय होईल, विचार केलास?" मागे न वळता ती म्हणाली.

"तू दोघींचे कपडे घे आणि माझ्याकडे चल."

"किती दिवस?"

मावशीने नातीच्या अंगावर पदर पांघरला.

पुढच्या चढावर तो दिसला. कडेची पांढरी रेघ सोडून तो रस्त्यात झोकांडत होता. एक ट्रक भोंगा वाजवत त्याला चुकवून गेला. त्याने मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

आजोबांनी वेग कमी केला. "थांबू का?" त्यांनी लेकीला विचारलं.

लेकीने तोंड खिडकीकडे फिरवलं. तिचे खांदे हलत होते.

"थांबा," मावशी म्हणाली.

दार सरकलं. तो बाहेरच उभा राहिला. केस कपाळाला चिकटले होते. एकाच पायात चप्पल होती. मावशीने झोपलेल्या नातीला अलगद उचलून पलीकडच्या बाजूला घेतलं, आणि स्वतः सरकून आपल्या शेजारी त्याला जागा करून दिली.